उशाशी खिडकी

पहिली गाडी वर्धा रोडच्या शोरूममध्ये,
एसीत उभी, पांढरीफेक.
टाय लावलेला पोरगा बटण दाबतो, छप्पर उघडतं.
बटण दाबतो, ओटा बाहेर येतो.
फ्रीज, टीव्ही, संडास, शॉवर.
"मॅडम, सर मागून येताहेत का?"
सर नाहीत, म्हटलं. कधीच नव्हते.
किंमत ऐकून प्रमिलानं माझं मनगट दाबलं, नाडी पाहावी तसं.
आम्ही त्याचं थंड पाणी पिऊन निघालो.

दुसरी वाडीला, यार्डात, उन्हात.
वरातींत राबलेली ट्रॅव्हलर,
मागच्या काचेवर अर्धवट खरवडलेलं 'वेड्स',
नवरा-नवरी दोघंही गेलेले.
सीटखाली अक्षता. पिवळ्या, अजून.
झाडे म्हणाले, "इंजिन पाहा जी. डिझेल पीत नाही, नुसतं हुंगते."
प्रमिलानं टायरला लाथ मारली,
तिच्या भावानं सांगून ठेवलं होतं.
टायर काही बोललं नाही.

"चालवून नाही पाहत का, बाई?"
आधी झोपून पाहते, म्हटलं.
ते हसले. मग थांबले,
कारण मी चपला काढल्या होत्या
आणि दोन सीटांच्या मधल्या पट्टीत
पर्स उशाला घेऊन आडवी झाले होते.
पत्रा तापलेला. पाठ भाजली.
पण पाय पुरले.

चौतीस वर्षं मेयोत काढली,
त्यातली निम्मी नाइट ड्यूटी.
रात्र मला उभ्यानंच माहीत:
सलाइनचे थेंब, ट्रॉलीचं एक कुरकुरतं चाक,
आणि तीनच्या सुमाराला कुणीतरी हमखास,
सिस्टर, खिडकीजवळचा बेड द्या ना.
बेड चाळीस, खिडक्या सहा.
मिळाला तरी काय,
खिडकी कमरेच्या वर,
झोपलेल्याला दिसायचे गजांचे शेंडे आणि जाळीवरचं कबुतर.
हे मी एकालाही सांगितलं नाही.

हिंगण्याच्या शेडमध्ये रफिक मिस्त्री,
कानावर पेन्सिल, हातात टेप.
"गॅस कुठं? सिंक कुठं?"
कुठंही.
"खिडकी?"
मी प्लायवर कुशीवर झाले आणि बोट ठेवलं.
इथं.
"एवढी खाली? लोक आत पाहतील."
पाहू दे.
त्यानं माझ्या कानापासून वीतभर अंतरावर
खडूनं चौकोन काढला, मान हलवत.
एसीचं म्हणाला, बॅटरी तासभरही ओढणार नाही.
कूलर बसव मग. मागच्या दाराला वाळ्याची ताटी.
"गाडीला कूलर!" तो पोराकडे वळला,
"लिही बे. नागपूरच्याच बाई आहेत."

पुण्याहून भाच्याचा फोन.
एवढ्या पैशात फ्लॅटचं डाउन पेमेंट झालं असतं, मावशी.
फ्लॅट आहे की.
जाणार कुठं?
उमरेड, म्हटलं. तोंडात आलं ते.
तो जरा वेळ गप्प.
"उमरेडला बसनं जाता येतं."
येतं ना.

आरटीओत बाबू विचारतो, माल की प्रवासी?
प्रमिला माझ्याकडे पाहते, मी प्रमिलाकडे.
लायसन्स तिचं, अठ्ठावन्नाव्या वर्षी काढलेलं,
रिव्हर्स अजून कच्चा.
पुढं चालवता येते, ती म्हणते, मागं कशाला जायचं?
बाबूला हे पटत नाही. उद्या या, म्हणतो.
आम्ही सात वेळा उद्या गेलो.

आज गाडी मानकापूरला, बिल्डिंगखालीच.
कुठं गेलो नाही अजून.
चादर अंथरली, कूलर लावला, घरातूनच वायर ओढून.
वॉचमनचा टॉर्च खिडकीवर, "कोण आहे बे आत?"
मी आहे, देवाजी.
"घरी नाही झोपत का, सिस्टर?"
टॉर्च जरा घुटमळला, मग विझला.

तीनला जाग आली, सवयीनं.
कुणाची बाटली संपली नव्हती.
पाण्याचा थेंब ताटीवरून, वाळ्याचा वास,
आणि डोळ्यांच्या अगदी रेषेत
समोरच्या स्कूटरचं चाक, त्याला टेकून निजलेलं कुत्रं,
कंपाउंडची भिंत,
भिंतीच्या वर थोडं काही.
कुत्र्यानं मान उचलून पाहिलं.
मीही पाहिलं.
मग आम्ही दोघंही परत झोपलो.